नंबर न दिसणारा फोन उचलायचा का? एका सवयीचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात माझी एक मुलाखत जवळजवळ हातची गेली होती. नागपुरात ट्रंक ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एका काकूंशी बोलायचं होतं. मी इंटरनेटवरून कॉल करायचो, त्यांच्या स्क्रीनवर नंबर यायचा नाही. तीन दिवस त्यांनी फोन घेतला नाही. शेवटी ओळखीतून निरोप धाडला आणि घरी गेलो. म्हणाल्या, "नंबरच दिसत नाही तर उचलू काहून?" मग स्वतःच हसल्या. "खरं तर बाबू, आम्ही आयुष्यभर नंबर न पाहताच फोन घेतले."

नंतर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या परवानगीने, नाव न देता इथे लिहितोय. त्यांची बहीण अमेरिकेत मुलाकडे राहायची. एका रात्री फोन वाजला, स्क्रीनवर नंबर नव्हता. 'असे फोन घ्यायचे नाहीत' हे घरच्यांनी बजावलेलं. त्यांनी घेतला नाही. बहीण गेल्याचं सकाळी कळलं.

त्या दिवशी मी वहीत प्रश्न लिहिला: अनोळखी फोनची ही भीती नेमकी किती जुनी आहे? रिसर्चची तयारी करणाऱ्यांना सांगतो, "हे पूर्वीपासून असंच आहे" असं वाटलं की थांबायचं आणि तारखा मांडायच्या.

आधी मध्ये एक माणूस होता

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली टेलिफोन एक्स्चेंजेस जानेवारी 1882 मध्ये सुरू झाली. तेव्हा फोन जोडायला ऑपरेटर लागायचा. पुढे दुसऱ्या गावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. घाई असेल तर अर्जंट, त्याहून घाई असेल तर लाइटनिंग. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पीपी कॉल, म्हणजे ऑपरेटर त्या माणसाला लाइनवर बोलावून घेणार. "मुंबईहून तुमचा कॉल आहे, बोला" हे आधी ऑपरेटर सांगायचा. नंबर दिसत नव्हता हे खरं, पण कॉल कुठून आलाय ते कळायचं, आणि मध्ये एक जबाबदार माणूस असायचा. (तो माणूस ऐकूही शकायचा. खासगीपणा तेव्हाही पूर्ण नव्हताच.)

ऑपरेटरला बाजूला सारणारं यंत्र अल्मन स्ट्रॉजर या अमेरिकनाने बनवलं, त्याचं पेटंट 1891 चं. तो अंत्यविधीचं सामान पुरवायचा, आणि ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते या संशयातून त्याने हे यंत्र काढलं, असं सांगतात. पेटंट हा कागद आहे आणि गिऱ्हाइकांची गोष्ट ही आख्यायिका. प्रबंधात दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या वजनाने.

भारतात एसटीडीची सुरुवात 1960 मध्ये लखनौ–कानपूर मार्गावर झाली. आता दूरच्या गावचा फोनही मध्यस्थाशिवाय थेट घरात वाजू लागला. पूर्ण निनावी फोनची सोय इथे झाली. 1980 च्या दशकाच्या शेवटी एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड आले. रात्री दर उतरले की बूथवर रांगा लागायच्या. बूथवरून कोण बोलतंय, हे पलीकडच्याला आवाजावरूनच ओळखावं लागे.

गंमत पाहा. त्या काळी छापील डिरेक्टरीत नाव, पत्ता, नंबर सगळं उघड असायचं, लपलेला असायचा तो फोन करणारा. आज उलटं झालंय. डिरेक्टरी गेली, आणि फोन करणाऱ्याने आधी ओळख दाखवावी अशी आपली अपेक्षा असते.

नंबर दिसू लागला

31 जुलै 1995 ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, ज्योती बसूंनी सुखराम यांना केलेला. मोबाइलबरोबर नंबर दिसणं घरोघरी पोचलं. सुरुवातीला इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते 2003 मध्ये थांबलं. तोवर 'कोणाचा आहे ते बघून उचल' हा सुरक्षेचा नव्हे, खिशाचा सल्ला होता. हे मला पोस्टातल्या नॉटपेड पत्रासारखं वाटतं. पाठवणाऱ्याने तिकीट लावलं नाही की घेणाऱ्याला दुप्पट भरावे लागत, म्हणून लोक पाकिटावरचं अक्षर निरखून मग पत्र सोडवायचे. मिस्ड कॉलची युक्तीही त्याच जातीची, निरोप पोचवायचा आणि पैसे वाचवायचे.

म्हणजे 'आधी बघ, मग घे' ही सवय जुनी आहे. तिचं कारण मात्र बदललं. आधी खर्च, आता फसवणूक.

लपवलेला आणि खोटा

इथे बरेच जण दोन गोष्टींची गल्लत करतात. भारतात नंबर लपवण्याची सुविधा, म्हणजे सीएलआयआर, सहसा देऊ नये असं टेलिकॉम परवान्याच्या अटींमध्येच आहे. द्यायचीच असेल तर कारण तपासायचं, अशा ग्राहकांची यादी सरकारी यंत्रणांना पाहता येईल अशी ठेवायची, आणि कॉल सेंटर किंवा टेलिमार्केटिंगला ती द्यायचीच नाही. त्यामुळे स्क्रीनवर नंबर नसलेला कॉल बऱ्याचदा परदेशातून किंवा इंटरनेटवरून आलेला असतो. काकूंच्या भाच्याचा तसाच होता. माझाही.

फसवणारा मात्र नंबर दाखवण्याच्या खटपटीत असतो, कारण दिसणाऱ्या नंबरवर आपला विश्वास बसतो. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल रोखणारी यंत्रणा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. पहिल्या 24 तासांत असे सुमारे 1.35 कोटी कॉल पकडल्याचं सरकारने सांगितलं.

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. 14 जानेवारी 2023 ला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या नागपूरच्या जनसंपर्क कार्यालयात धमकीचे फोन आले. पोलिसांचा माग बेळगावच्या हिंडलगा तुरुंगापर्यंत गेला. धमकी तुरुंगाच्या भिंतीआडून येतेय, हे फोन घेणाऱ्याला वाजणाऱ्या यंत्राकडे बघून कसं कळणार? माणूस शोधायला तपासच लागला.

कायद्याला हा प्रश्न फोनच्या आधीपासून माहीत होता. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 507 होतं. नाव किंवा ठिकाण लपवून धमकी दिली तर धमकीच्या शिक्षेशिवाय आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. टेलिफोनचं पेटंट 1876 चं, म्हणजे हे कलम निनावी पत्रांच्या काळातलं. आता ते भारतीय न्याय संहितेत 351(4) म्हणून आहे.

मग उचलायचा का?

माझं उत्तर इतिहासाच्या वर्गातलं आहे. निनावी कागद हाती आला तर आपण तो फाडत नाही आणि त्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवत नाही. बहिरंग परीक्षण करतो: कागद कुठला, कोणाच्या हातून आला? मग अंतरंग परीक्षण: म्हणतोय काय, आणि ते दुसऱ्या साधनाशी जुळतं का?

फोनचंही तसंच. स्क्रीनवरचा नंबर हा पुरावा नाही, दावा आहे. ट्रायने 2024 मध्ये नाव दाखवण्याची शिफारस केली, पण ते नाव सिम ज्याच्या नावावर त्याचं असणार. आपल्याकडे अख्ख्या घराची सिम बाबांच्या नावावर असतात, हे विसरू नका.

म्हणून नंबर न दिसणारा फोन मी उचलतो. आधी आपलं नाव सांगत नाही, "कोण बोलतंय?" विचारतो. ओटीपी, पैसे, आधार यातलं काही निघालं किंवा 'डिजिटल अरेस्ट'ची भाषा सुरू झाली की ठेवून देतो. अशी अटक कायद्यात नाहीच. बँक किंवा पोलीस म्हणवणाऱ्याला मी स्वतः शोधलेल्या नंबरवर परत फोन करतो. पैसे गेलेच तर लगेच 1930. पण घरात एखादं म्हातारं माणूस एकटं असेल आणि बोलण्यात गुंतून जात असेल, तर त्याने न उचलणंच बरं. फक्त मग बाहेरगावच्या नातेवाइकांशी आधी ठरवून ठेवा: फोन लागला नाही तर निरोप कोणाकडे द्यायचा. शेजारी, भाचा, कोणीही. ऑपरेटर गेल्यावर रिकामी झालेली जागा अशी भरता येते.

आणि मुलाखती घेणाऱ्यांनो, तुम्ही त्यांच्यासाठी अनोळखी फोनच आहात. आधी मेसेज करा, ओळखीचा माणूस मध्ये घ्या, आपला खरा नंबर दिसू द्या. मी तीन दिवस वाया घालवून हे शिकलो.

काकू आता माझा फोन उचलतात. पहिलं वाक्य मात्र अजून ड्युटीवरचंच: "हॅलो, कुठून बोलताय?"