तळ्याची वरची रिकामी जागा

मृग तोंडावर आलाय, म्हणून आज जनावरांच्या मैल्याच्या तळ्यांचा थोडा इतिहास लिहितो. आहे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा.

1980 च्या दशकाअखेर तिथं डुकरं होती पंचवीस-सव्वीस लाख. 1997 पर्यंत 90 लाखांच्या वर गेली, तीही बहुतेक पूर्वेच्या सखल पट्ट्यात. शेडमधला मैला धुऊन मातीच्या उघड्या तळ्यात सोडायचा, वरचं पाणी पंपानं गवताच्या रानावर फवारायचं. स्वस्तातली पद्धत. सगळा दोष शेतकऱ्याला देणं मला पटत नाही, परवानगी तशीच मिळत होती.

21 जून 1995 ला ऑन्स्लो काउंटीत आठ एकरांच्या तळ्याचा बांध फुटला. चक्रीवादळ नव्हतं, नुसता जोराचा पाऊस. सुमारे साडेनऊ कोटी लिटर मैला शेजाऱ्यांच्या तंबाखू-सोयाबीनमधून न्यू नदीत गेला. दहा हजार लिटरचे साडेनऊ हजार टँकर म्हणा! मासे मेले ते वेगळेच. 1997 साली राज्यानं नव्या तळ्यांना स्थगिती दिली.

जुनी तळी मात्र तशीच राहिली. सप्टेंबर 1999 मध्ये आधी डेनिस वादळानं रान भिजवलं, पाठोपाठ फ्लॉइड आलं. नद्याच तळ्यांत शिरल्या, हजारो डुकरं बुडाली. तिथं बांध कितीही पक्का असून काय उपयोग, जागाच पुराची. नंतर सरकारनं पूररेषेतले चाळीसेक फार्म मोबदला देऊन बंद केले, शंभरावर तळी गेली.

खरी मेख रिकाम्या जागेत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा पडणारा 24 तासांचा पाऊस मावेल एवढी जागा आणि वर एक फूट, असा तिथला नियम. पण रान ओलं असताना फवारलं तर मैला वाहून ओढ्यात जातो, म्हणून तेही करता येत नाही. म्हणजे वादळाची बातमी आल्यावर उपसायला उशीर झालेला असतो. उपसायचं ते कोरड्या दिवसांत, उभ्या पिकाला.

2018 च्या फ्लॉरेन्स वादळात काही ठिकाणी 30 इंचांवर पाऊस झाला. बहुतेक तळी टिकली, पण काहींचे बांध खचले, बरीच भरून वाहिली.

आमच्या गोठ्याचा स्लरीचा खड्डा ओढ्याकडंच आहे, उतार तिकडं म्हणून. काल काठी टाकून बघितलं, वर जेमतेम वीतभर जागा. आज सकाळपासून पंप लावलाय, उसाला सोडतोय.