सायकलीच्या सांगाड्याची गोष्ट

कवितेच्या माणसाने सायकलीच्या लोखंडावर काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण कुठे भर द्यायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हा जसा कवीचा प्रश्न, तसाच तो नळी ओढणाऱ्या कारागिराचाही होता.

सुरुवात लाकडापासून झाली. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस यांनी पायांनी ढकलायची दुचाकी चालवली, तिचा सांगाडा लाकडी होता. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली आणि मागच्या चाकाला साखळी ही आजची ठेवण रुळली. पुढे पोलादी नळ्यांच्या सायकली सर्रास झाल्या. अडचण एकच होती. नळ्या पितळेने झाळताना सांध्याजवळचं पोलाद आचेने कमजोर व्हायचं. नळी जाड घेतली तर सायकल जड, पातळ घेतली तर सांध्याशी दगा.

यावर तोड काढली बर्मिंगहॅमच्या खिळे बनवणाऱ्या घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी. त्यांचं पेटंट १८९७ चं. नळी बाहेरून एकसारखी. आतून मात्र टोकांना जाड आणि मध्ये पातळ. जिथे भार आणि आच, तिथेच धातू! १९३५ मध्ये त्यांच्याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ नळी काढली. पुढची कित्येक दशकं शर्यतीची चांगली सायकल म्हटलं, की ही नळी किंवा मिलानच्या कोलंबसची नळी, असं समीकरणच झालं.

मग हलक्या धातूंची ओढ लागली. अॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. टायटॅनियमचं दोन्ही निम्म्याहून थोडं अधिक. म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणा तिन्ही धातूंत जवळपास सारखाच. निसर्गाने कुणालाच काही फुकट दिलेलं नाही. खरा फरक नळीच्या घेरात आहे. घेर वाढला की ताठपणा झपाट्याने वाढतो. पोलादी नळी रुंद करून वजन तेवढंच ठेवायचं, तर पत्रा इतका पातळ होतो की सहज चेपतो. अॅल्युमिनियमला तेवढी मुभा मिळते. त्याच्या सायकली लठ्ठ नळ्यांच्या दिसतात त्या यामुळेच.

कार्बनची तऱ्हा निराळी. त्याचे तंतू राळेत बसवून थरावर थर देतात आणि जिकडे जोर पडणार तिकडे तंतूंची दिशा वळवतात. १९८६ मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने कार्बनच्या नळ्यांच्या सायकलीवर ‘तूर द फ्रान्स’ जिंकली. तरी पोलाद लगेच हरलं नाही. १९९४ मध्ये स्पेनच्या मिगेल इंदुराईनने पोलादी सायकलीवरच बाजी मारली. १९९८ मध्ये इटलीच्या मार्को पांतानीची सायकल अॅल्युमिनियमची होती. त्यानंतर मात्र शर्यतींत कार्बनचंच राज्य आलं. गंमत अशी, की २००० साली जागतिक सायकल संघटनेने ६.८ किलोंहून हलकी सायकल शर्यतीत चालणार नाही, असा दंडक घातला. हलकेपणाच्या धावेलाही कुंपण घालावं लागलं!

परवा भाच्याने विचारलं, “मामू, साठवलेले पैसे कार्बनवर घालू का?” मी म्हटलं, “मोडली तर कुणाकडे नेशील, ते आधी ठरव.” पोलादाची चीर जाणता कारागीर झाळून देतो, पातळ नळी जाळायची नाही, एवढं भान त्याला हवं. अॅल्युमिनियमची ताकद वेल्डिंगने उतरते, ती तापवण्याच्या प्रक्रियेने परत आणावी लागते. शिवाय लहान लहान हादऱ्यांचा शीणही त्यात साठत जातो. टायटॅनियम गंजत नाही, पण वेल्डिंग करताना तापलेल्या सांध्याला हवा लागली तर तो ठिसूळ होतो. कार्बन दुरुस्त करणारे आहेत, पण ते काम खास जाणकाराचं. आणि जोराचा मार बसला, तर वरून धड दिसणारा सांगाडा आतून फुटलेला असू शकतो.

शर्यत धावणाऱ्याने कार्बन जरूर घ्यावा. चढावर ग्रॅम ग्रॅम मोजला जातो. पण ज्याला वीस वर्षं एकाच सायकलीची सोबत हवी, त्याला पोलाद अजूनही आपलं वाटेल. वजन दुकानात काट्यावर कळतं. सोबत कळायला रस्ता लागतो.