मागी: एका शब्दाचं वडाळ्यापर्यंतचं कूळ

आमच्या घरी नाताळ 25 डिसेंबरला सुरू व्हायचा आणि 6 जानेवारीला संपायचा. मधले बारा दिवस तीन मातीचे पुतळे प्रवासात असायचे. आजी त्यांना दाराजवळच्या फळीवर ठेवायची आणि रोज सकाळी केर काढून झाला की बोटभर पुढे सरकवायची. सहा तारखेला ते गोठ्यापाशी, बाळाच्या पुढ्यात येत. "मागी पोचले," आजी म्हणायची, आणि नाताळची शेवटची करंजी आमच्या हातावर पडायची.

आजोबा नगर जिल्ह्यातून गोदीत कामाला आले आणि वडाळ्यात राहिले. आजीची मराठी नगरची आणि बायबल मराठी. त्यात 'तीन राजे' नव्हते, 'मागी' होते. मला तो शब्द 'मागणे' या क्रियापदातला वाटायचा. गोष्टीतही ते लोक यरुशलेमात येऊन राजा कुठे जन्मला, असं विचारत हिंडतात. सोनं घेऊन आलेली माणसं मागणारी कशी, असं मी एकदा विचारलं. "देणारेच होते रे ते. पण विचारत विचारत आले ना," आजी म्हणाली. भाषाशास्त्राच्या हिशेबाने ही व्युत्पत्ती चूक आहे. पण सण कळायला मला तीच पहिल्यांदा उपयोगी पडली.

खरी व्युत्पत्ती इराणातली आहे. जुन्या फारसीत 'मगु' म्हणजे यज्ञकर्म आणि अग्निपूजा करणाऱ्या पुरोहित वर्गातला माणूस. सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस, हा शब्द कोरलेला आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणातल्या मीड लोकांच्या सहा जमातींत मागींची गणना केली आहे. ग्रीकांनी 'मगु'चं 'मागोस' केलं. हे परके पुरोहित आकाश वाचतात, स्वप्नांचे अर्थ लावतात, याचं त्यांना कुतूहल होतं आणि भयही. त्यांच्या विद्येला ग्रीकांनी 'मागेइया' म्हटलं आणि त्यातूनच इंग्रजीतला 'मॅजिक' आला. नव्या करारात हाच शब्द प्रेषितांच्या गोष्टीत जादूगारासाठी येतो, आणि मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात ताऱ्यामागून निघालेल्या परदेशी ज्ञानी माणसांसाठीही येतो. इंग्रजी अनुवादकांनी तिथे 'शहाणी माणसं' असं केलं. मराठी बायबलने 'मागी' जसाच्या तसा ठेवला, याचं मला फार मोल वाटतं. शब्द बदलला असता तर त्याचा माग काढता आला नसता.

मत्तयने त्यांना राजे म्हटलेलं नाही. ते तीन होते, असंही लिहिलेलं नाही. नजराणे तीन: सोनं, ऊद, गंधरस. त्यावरून माणसं तीन धरली गेली. यशया आणि स्तोत्रसंहिता यांत राजे भेटी घेऊन येतील असे उल्लेख आहेत, त्यावरून त्यांच्या डोक्यावर मुकुट आले. इसवी सन 200 च्या आसपास ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन त्यांना जवळजवळ राजेच मानतो. गास्पार, मेल्किओर, बाल्थाझार ही नावं आणखी काही शतकांनी पक्की झाली. त्यांतल्या गास्पारशी आपलंही नातं असावं. तक्षशिलेच्या मुलखावर इसवी सनाच्या पहिल्या शतकात गोंडोफरस नावाचा पार्थियन राजा होता. संत थॉमसच्या जुन्या आख्यानात हाच राजा येतो, आणि 'गोंडोफरस' झिजत झिजत 'गास्पार' झाला, असं काही अभ्यासक मानतात.

मुकुट चढले तरी जुन्या चित्रकारांना माणसं कुठली ते ठाऊक होतं. इटलीतल्या राव्हेन्नाच्या सहाव्या शतकातल्या भिंतीवरच्या मोझेकमध्ये तिघे इराणी पोशाखात, पुढे झुकलेल्या टोकाच्या टोप्या घालून, नजराणे उचलून धावत निघालेले दिसतात. बेथलेहेमची एक आख्यायिका आहे. 614 साली इराणी फौजांनी ती भूमी जिंकली, पण जन्मस्थानाच्या चर्चला हात लावला नाही. तिथल्या चित्रातले मागी त्यांना आपल्याच वेषातले दिसले. माझ्या आजीला ही गोष्ट माहीत असती, तर तिने ती दर वर्षी सांगितली असती.

सहा जानेवारीच्या या सणाचं नाव मात्र ग्रीक आहे. 'एपिफानेइया' म्हणजे प्रकट होणं. आपल्या मराठीत त्याला प्रकटीकरणाचा सण म्हणतात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नावही प्रकटीकरणच, त्यामुळे लहानपणी माझा घोळ व्हायचा. ख्रिस्ती होण्याआधी हा शब्द राजदरबारात होता. ग्रीक राजे स्वतःला 'एपिफानेस' म्हणवत. वायव्य भारतातल्या पॉलिझेनॉस या हिंदी-ग्रीक राजाने आपल्या नाण्यावर एका बाजूला ग्रीकमध्ये ही पदवी घातली आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत तिचा प्राकृत अनुवाद दिला. तो शब्द संस्कृत 'प्रत्यक्ष'चं रूप आहे. बायबल मराठीत येण्याच्या सुमारे एकोणीसशे वर्षं आधी आपल्याकडे या शब्दाचं भाषांतर होऊन गेलेलं होतं! मला 'प्रकटीकरण'पेक्षा 'प्रत्यक्ष' जवळचा वाटतो. प्रकट व्हायचं ते देवाने. प्रत्यक्ष पाहायचं ते आपण.

6 जानेवारी ही तारीख मिसरातून आली. इसवी सन 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो की तिथला एक पंथ जानेवारीच्या या दिवसांत येशूच्या बाप्तिस्म्याचा सण पाळतो. पूर्वेकडच्या मंडळ्यांत आजही हा पाण्याचा सण आहे. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांत त्याला 'दनहा' म्हणतात, म्हणजे उदय, आणि केळीच्या खांबावर पणत्या लावतात. पश्चिमेत मात्र पाणी मागे पडलं आणि तारा पुढे आला. पोर्तुगीजांनी तोच ताऱ्याचा सण कोकणपट्टीवर आणला. मांडवीच्या काठी पणजीसमोर फ्रान्सिस्कन साधूंनी 1555 मध्ये बांधलेल्या चर्चचं नाव 'रेइस मागोस': रेइस म्हणजे राजे, मागोस म्हणजे मागी. मत्तयचा शब्द आणि नंतर चढलेला मुकुट, दोन्ही एकाच नावात राहिले. तिथे, कांसावलीला आणि चांदरला आजही मुलगे राजांचा पोशाख करून मिरवत येतात. आपल्या मुंबईत गोराईच्या ईस्ट इंडियन गावातलं चर्चही मागींच्याच नावाचं, होली मॅजाय. भारतात आता बहुतेक ठिकाणी हा सण जवळच्या रविवारी होतो. मला सहा तारीखच बरी वाटते.

आता वडाळा.

कात्रक रोडवरचं विठ्ठल मंदिर ही वडाळ्याची खूण. आषाढीला इथे रांग लागते आणि लोक याला प्रतिपंढरपूर म्हणतात. तिथून माटुंग्याकडे चालत निघालं की थोड्या वेळात फाइव्ह गार्डन्स, आणि त्यांच्या भोवती दादरची पारशी कॉलनी. 1896 च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहराच्या उत्तरेला मोकळ्या वस्त्यांची आखणी केली. ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी जोशी यांनी तिथे मध्यमवर्गीय पारशांसाठी ही कॉलनी उभी केली. त्याच कॉलनीत दादर अथोर्नान इन्स्टिट्यूट आहे, 1919 सालची. पारशी पुरोहितांच्या घरातली मुलं तिथे राहून शाळाही शिकतात आणि अवेस्ताही पाठ करतात.

या पुरोहितांना 'मोबेद' म्हणतात. मोबेद हा शब्द 'मगुपति'चं झिजलेलं रूप आहे. मगूंचा पती, मागींचा मुख्य. आजीचे मागी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि आम्हाला पिढ्यान् पिढ्या पत्ता नव्हता.

याच कुळाची एक शाखा पारशी येण्याआधी कितीतरी शतकं भारतात येऊन मिसळून गेलेली आहे. भविष्य पुराणात कथा आहे: कृष्णाचा मुलगा सांब याला कोड झालं, त्याने सूर्याचं देऊळ बांधलं, पण पूजेला योग्य पुरोहित मिळेनात, म्हणून शाकद्वीपाहून 'मग' ब्राह्मण आणले. वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहून ठेवलं आहे की सूर्याची प्रतिष्ठा मगांकडून करवावी. तो स्वतः मग असावा, असं पुष्कळ विद्वान मानतात. ग्रहताऱ्यांत बुडालेला एवढा मोठा ज्योतिषी. पुराणातले मग कमरेला 'अव्यंग' बांधतात. अवेस्तातल्या 'अइव्यंघन'चं हे संस्कृत कानाला ऐकू आलेलं रूप. आणि ते म्हणजे पारशांची कस्ती.

ती कस्ती मी जवळून पाहिली, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आई डिसेंबरात गेली. त्या वर्षी पुतळे फळीवरच राहिले. प्रार्थनेला बसलं की शब्द यायचे, त्यांच्यामागे कोणी नसायचं. माटुंग्याच्या डॉन बॉस्को चर्चच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरलो. जानेवारीच्या मध्यावर एका संध्याकाळी फाइव्ह गार्डन्सला फेऱ्या मारत होतो. एका तळमजल्याच्या व्हरांड्यात वडिलांच्या ओळखीचे एक वृद्ध मोबेद उभे होते. सदऱ्यावरून कस्ती सोडली, दोन्ही हातांत दुमडून धरली, पुटपुटत शेवटाशी एक झटका दिला आणि पुन्हा कमरेभोवती तीन वेढे घेऊन पुढे-मागे गाठी मारल्या. कोकराच्या लोकरीचे 72 धागे, अवेस्तातल्या यस्नाच्या अध्यायांइतके, मागाहून त्यांनीच सांगितले. सूर्य उतरणीला लागला होता आणि त्यांचं तोंड बरोबर तिकडे होतं.

झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. पश्चिमेलाच का, मी विचारलं. "पश्चिमेला नाय, दिकरा. उजेड असेल तिथे तोंड. सकाळी उगवतीला, रात्री दिव्याकडे. दिवा पण चालतो."

दिवा पण चालतो. त्या वाक्याने माझ्या आत काय हललं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी उजेड एकाच जागी शोधत होतो आणि तो तिथे नव्हता. मत्तयच्या गोष्टीत मागींना देवाने देवळात बोलावलं नाही, त्यांचा धर्म बदलायला सांगितलं नाही, शास्त्री पाठवले नाहीत. ते रोज जिकडे पाहत होते त्या आकाशातच त्यांना खूण दिली. त्यांच्या कामात, त्यांच्या भाषेत. शास्त्री तर यरुशलेमात होते, त्यांना बेथलेहेमचा पत्ताही माहीत होता. ते गेले नाहीत. गेले ते परके.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट मला त्या रात्री आठवली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी बोलणं झालं, त्याने नवा करार हातात दिला. पर्वतावरच्या प्रवचनाशी आल्यावर पुस्तक सोडवेना, असं टिळकांनी सांगितलं आहे. ते प्रवचन मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे. मागी दुसऱ्यात, म्हणजे टिळक त्यांना आधी भेटून पुढे गेले असणार. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. कात्रक रोडवरून टाळ ऐकत मोठा झालेल्या मला यात नवल वाटत नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वेगळ्या वाटेने आल्या, पाच वर्षांनी, जातिभेद माणसाने केलेला आहे हे स्वतःला पटल्यावर. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात ते सगळं आहे. नवऱ्याचा तारा त्यांनी उसना घेतला नाही.

घरी येऊन मी पुतळे फळीवरून काढले आणि गोठ्यापाशी नेले. तारीख उलटून गेली होती. बाळापुढे ठेवायला काहीतरी हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी दादरला काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन गंधरस मागितला. दुकानदाराला नाव कळेना. मी वर्णन केलं तेव्हा म्हणाला, "हिराबोळ म्हणा की. बाळंतिणीला देतात तो, बाळंतबोळ." तांबूस, तेलकट खडे कागदात बांधून दिले. जिभेवर ठेवला तर कडूजहर. मढ्याला लावायचा सुगंध म्हणून या नजराण्याचा अर्थ प्रवचनांत सांगतात, आणि तो बरोबरही आहे. पण नगरच्या माझ्या आजीने सुनेच्या बाळंतपणात उगाळलेला बोळ हाच. मागींनी तो मरियेच्या घरी आणला, आणि तीही तेव्हा बाळंतीणच होती.

तेव्हापासून दर सहा जानेवारीला त्यातला एक खडा पुतळ्यांपाशी असतो. ते मोबेद आता नाहीत. त्यांच्या व्हरांड्यात दिवा लागतो, मी येता-जाता पाहतो.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरी हा सण असेल, तर आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारा की ते या पाहुण्यांना काय म्हणतात: राजे, ज्ञानी, मागी, की आणखी काही. जो शब्द सांगतील तो लिहून ठेवा.