वैद्यकीय इच्छापत्र : केईएम ते देवास गेट

शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याची कल्पना अमेरिकी वकील लुई कुटनर यांनी १९६९ मध्ये मांडली. भारतात हा प्रश्न ऐरणीवर आला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातून. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग शुद्ध हरपलेल्या अवस्थेत चाळीसहून अधिक वर्षे तिथेच होत्या. सहकारी परिचारिका कुस्करलेले अन्न भरवत. त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत. ही शुश्रूषा अजोडच. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्न थांबवण्याची मागणी फेटाळली. मात्र इतर रुग्णांचे जीवरक्षक उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवण्याची वाट खुली केली. शानबाग यांना स्वतःची इच्छा सांगणे शक्यच नव्हते. आधीच लिहून ठेवलेले वैद्यकीय इच्छापत्र नेमकी हीच उणीव भरून काढते.

भारतात इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ९ मार्च २०१८ रोजी. न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची जाचक अट जानेवारी २०२३ मध्ये गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

खरा कस मजकुरात लागतो. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, हृदय थांबल्यास छातीवर दाब यांपैकी काय नको आणि कोणत्या अवस्थेत, हे स्पष्ट लिहावे लागते. संदिग्ध इच्छापत्र अमलात येत नाही. वेदनाशमनाचा उल्लेख जरूर असावा. प्राणघातक इंजेक्शन मागता येत नाही. निर्णय घेणाऱ्या नातलगांची नावेही द्यावी लागतात.

हे नियम देशभर एकच आहेत. उदाहरणार्थ, उज्जैनच्या देवास गेट भागातील रहिवाशानेही इच्छापत्राची प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. इच्छापत्र केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते.