विज्ञानकथेचे सभासद

सिंगापुरात राहून मुलांना जुरोंगच्या सायन्स सेंटरला नेले नाही असा मराठी पालक विरळाच. या केंद्राचा विज्ञानकथेशीही जुना संबंध आहे. १९८० साली ‘सिंगापूर सायन्स फिक्शन’ हा कथासंग्रह निघाला. त्याच्या तीन संपादकांपैकी रगबीर भठाल हे खगोलशास्त्रज्ञ आणि सायन्स सेंटरचे संचालक होते.

ही वाट मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने पुढे विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ साली तिथे ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून जयंत विष्णु नारळीकरांनी आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. अक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून कथा मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले! पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली.

म्हणजे दोन्हीकडे विज्ञानाच्या संस्थेने विज्ञानकथेला हात दिला. परिषदेचे सभासदत्व सामान्य माणसाला खुले होते, पण ते विज्ञानप्रसारासाठी. कथेपुरते दार उघडले ते लिहिणाऱ्याला.

अमेरिकेत आधी वाचक सभासद झाले. ह्यूगो गर्न्सबॅक या प्रकाशकाने १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले. वाचकांची पत्रे तो पूर्ण पत्त्यासह छापी. आपल्या गावात हे वेड असलेले आपण एकटेच, असे वाटणारी पोरे मग परस्पर एकमेकांना लिहू लागली. १९३४ मध्ये त्याने ‘वंडर स्टोरीज’ या आपल्या दुसऱ्या मासिकातून ‘सायन्स फिक्शन लीग’ जाहीर केली. ब्रुकलिनचा जॉर्ज गॉर्डन क्लार्क पहिला सभासद झाला. सभासदाला प्रमाणपत्र मिळे, कोटाला लावायचा बिल्ला घेता येई, स्थानिक शाखा काढता येई. विज्ञानकथेच्या ज्ञानाची चक्क परीक्षाही घेतली जाई.

ते मंदीचे दिवस होते आणि गर्न्सबॅकला अंकाचा खप हवा होता. सभासदांनी मात्र लीग आपली मानली. डोनाल्ड वोलहाइम या तरुण सभासदाला मासिकात छापलेल्या कथेचे दहा डॉलर मिळाले नव्हते. त्याने इतर लेखकांना विचारले, तर त्यांचेही पैसे थकलेले! त्याने आवाज उठवला, तेव्हा १९३५ मध्ये त्याच्यासह तिघांना लीगमधून काढून टाकण्यात आले. पुढच्याच वर्षी गर्न्सबॅकला मासिक विकावे लागले. वोलहाइम पुढे स्वतः नावाजलेला संपादक आणि प्रकाशक झाला.

मालक गेला, तरी शाखा टिकल्या. लॉस एंजेलिसची १९३४ ची शाखा स्वतंत्र संस्था म्हणून आजही चालू आहे. रे ब्रॅडबरी शाळकरी वयात तिथेच येऊ लागला. इंग्लंडमधल्या लीड्सच्या शाखेने ३ जानेवारी १९३७ रोजी विज्ञानकथाप्रेमींचे संमेलन भरवले. त्या छोट्याशा बैठकीत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क हजर होता.

बिल्ला आणि प्रमाणपत्र हे निमित्त होते. खरी पुंजी होती पत्त्यांची. कोण कुठे राहतो आणि काय वाचतो हे वाचकांना एकमेकांविषयी कळले, आणि त्यातूनच पुढचे लेखक, संपादक, प्रकाशक उभे राहिले.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या कथांवर वाढलेले कितीतरी वाचक आज सिंगापूर, दुबई, न्यू जर्सी असे पांगले आहेत. त्यांच्या मुलांना मराठी बोलता येते, पण अनेकांना वाचता येत नाही. ‘यक्षांची देणगी’ आपल्या कपाटात असते आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या मराठी घरातही असते, पण दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. आपल्या मंडळांच्या याद्यांत नाव असते, फोन असतो, वर्गणीची पावती असते. ‘सध्या काय वाचता?’ असा एक रकाना त्यात वाढवायला काहीच खर्च नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या पोरांना टपालाचे तिकीट तरी लागत होते.