जॉन व्हीटली: घरे बांधणारा आरोग्यमंत्री



एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लासगो शहरातल्या हजारो लहान घरांच्या दारांवर पत्र्याची एक चकती ठोकलेली असे. घरात किती घनफूट हवा मावते आणि त्या हिशेबाने किती माणसांनी झोपावे, ते तीवर कोरलेले. मोठ्या माणसाला ३०० घनफूट आणि आठ वर्षांखालील मूल म्हणजे अर्धा माणूस. मध्यरात्री आरोग्य खात्याचे निरीक्षक दार ठोठावत आणि डोकी मोजत. जादा माणसे कपाटात, नाहीतर थेट छपरावर लपत.

या शहराचे आरोग्याधिकारी डॉ. जेम्स बर्न रसेल यांनी १८८८ साली एका खोलीतल्या जगण्यावर व्याख्यान दिले. पाच वर्षे पुरी होण्याआधी दगावणाऱ्या शहरातल्या मुलांपैकी शेकडा ३२ एका खोलीच्या घरात मरतात, आणि पाच किंवा अधिक खोल्यांच्या घरांत शेकडा दोनही नाहीत, हे त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवले. होमिओपॅथीत रुग्णाची हकीकत लिहिताना तो कुशीवर झोपतो की पाठीवर, हे आम्ही आवर्जून विचारतो. किती जणांत झोपतो, हे पुष्कळदा विचारायचे राहते. रसेल यांनी तेवढेच विचारले होते.

त्या चकतीवाल्या जगातून एक माणूस मंत्रिमंडळात गेला. जॉन व्हीटली यांचा जन्म १८६९ चा, आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातला. पोटासाठी कुटुंब स्कॉटलंडच्या लॅनार्कशर भागात आले. वडील खाणकामगार, घर एका खोलीचे, मुले पुष्कळ. जॉनही पोरवयातच खाणीत उतरले. पुढे दुकानदारी, वृत्तपत्राचे काम आणि अखेर स्वतःचा छापखाना, असे करत ते सुस्थितीत आले. १९०६ साली त्यांनी कॅथलिक समाजवाद्यांची संस्था काढली. धर्मगुरूंना हे रुचले नाही. १९१२ साली स्वधर्मीयांच्याच जमावाने त्यांच्या दारापुढे त्यांचा पुतळा जाळला. व्हीटलींनी ना पक्ष सोडला, ना चर्चला जाणे.

१९१० साली ते लॅनार्क परगण्याच्या कौन्सिलवर निवडून आले. १९१२ मध्ये शेटल्स्टन हे त्यांचे गाव ग्लासगोत सामील झाले आणि ते महानगराचे नगरसेवक झाले. माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण इथे झाले, आणि तेही जमाखर्चाच्या वहीत. नगरपालिकेच्या ट्रामगाड्या नफ्यात चालत. १९१३ साली व्हीटलींनी पुस्तिका काढून सांगितले, की घरभाड्याचा मोठा वाटा विटांचा किंवा गवंड्याचा नसतो, तो कर्जाच्या व्याजाचा असतो. ट्रामची शिल्लक बिनव्याजी वापरा, म्हणजे वर्षाला आठ पौंड भाड्यात कामगाराला सुटे घर देता येईल. कौन्सिलने योजना फेटाळली. वही मात्र त्यांनी जपून ठेवली, असे म्हणायला हरकत नाही.

लगेच महायुद्ध आले. गोदी आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी माणसे लोटली, घरमालकांनी भाडी चढवली. १९१५ च्या भाडेबंदीचा कणा बायका होत्या. मेरी बार्बर यांचे नाव त्यात सर्वांत पुढे. जप्तीला माणूस आला की घंटा वाजे आणि साऱ्या जिन्यांवरून बायका धावत. व्हीटली सल्लागार, वक्ते आणि छापखान्याचे मालक म्हणून पाठीशी उभे होते. नोव्हेंबरात थकबाकीदारांवरील खटल्याच्या दिवशी हजारोंचा जमाव न्यायालयापुढे जमला, आणि वर्ष संपण्याआधी पार्लमेंटने भाडी युद्धपूर्व पातळीवर गोठवली.

१९२२ साली ग्लासगोच्या पंधरा जागांपैकी दहा मजूर पक्षाने जिंकल्या, शेटल्स्टनमधून व्हीटली. पुढच्या वर्षी बालकांच्या दुधाच्या अनुदानातल्या कपातीवर जेम्स मॅक्स्टन सभागृहात ‘खुनी’ म्हणाले. व्हीटलींनी शब्द उचलून धरला आणि चौघे निलंबित झाले. असला माणूस सात महिन्यांनी, जानेवारी १९२४ मध्ये, रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्या पहिल्या मजूर सरकारात आरोग्यमंत्री झाला. त्या काळी ब्रिटनमध्ये घरबांधणी आरोग्य खात्याकडेच होती. मला हे खाते योग्य ठिकाणी वाटते. स्कॉटलंडचा कारभार वेगळ्या मंत्र्याकडे असला, तरी कायदा दोन्हीकडे लागू व्हायचा होता.

सरकार अल्पमतात, उदारमतवाद्यांच्या आधारावर तगलेले. व्हीटली भाषणबाजीत अडकले नाहीत. आधीचे मंत्री नेव्हिल चेंबरलेन (तेही बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेत तयार झालेले) घरामागे वर्षाला सहा पौंड २० वर्षे देत आणि भर खाजगी बांधकामावर ठेवत. व्हीटलींनी नऊ पौंड ४० वर्षे केले, शेतीच्या गावांत साडेबारा, आणि घरे भाड्याने देण्यासाठी नगरपालिकांना पुढे काढले. गवंडी-सुतारांची चणचण होती, कारण बेकारीच्या भीतीने संघटना उमेदवार वाढू देत नसत. व्हीटलींनी मालक-कामगारांना एकत्र बसवून १५ वर्षांच्या कामाची हमी दिली आणि उमेदवारांची संख्या वाढवून घेतली. ऑगस्टमध्ये कायदा झाला. बांधकाम साहित्याच्या किमतींना आळा घालणारे त्यांचे दुसरे विधेयक मात्र शरदात सरकारबरोबरच बुडाले.

याच मंत्र्याने मे महिन्यात एक शिष्टमंडळ परत पाठवले. डोरा रसेल, एच. जी. वेल्स त्यात होते. मागणी एवढीच, की सरकारी माता-बाल केंद्रांत विचारणाऱ्या बाईला संततिनियमनाची माहिती मिळावी. त्यांनी ठाम नकार दिला. एका खोलीत भावंडांच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला त्या बाईचा प्रश्न परका नव्हता. पुतळा जाळणाऱ्यांपुढे न वाकलेले व्हीटली इथे श्रद्धेच्या पलीकडे जाऊ शकले नाहीत. वैद्य म्हणून हे मला खटकते आणि त्यांच्या कामाच्या मोठेपणाने झाकले जात नाही.

आणखी एक उणेपण. घरे चांगली, न्हाणीघराची. पण भाडे कुशल कामगाराला पेले, अगदी गरिबाला नाही. एका खोलीतली माणसे बहुतांशी तिथेच राहिली. झोपडपट्ट्या पाडण्याचा वेगळा कायदा १९३० साली करावा लागला.

आपल्याकडच्या इंदूर-बडोद्याच्या मंडळींना पॅट्रिक गेडिस हे नाव ठाऊक असेल. इंदूरसाठी १९१८ साली नगररचनेचा अहवाल देणारा हा स्कॉट विद्वान एडिंबरोच्या दाट वस्त्यांतून शिकला होता. गेडिस नकाशा घेऊन गल्लीत शिरले, व्हीटली जमाखर्च घेऊन मंत्रालयात.

१९२९ साली मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला तेव्हा मॅक्डोनाल्ड यांनी व्हीटलींना बाहेर ठेवले. मे १९३० मध्ये, एकसष्टावे वर्ष पुरे होण्याआधी, ते गेले. त्यांचे अनुदान नव्या घरांसाठी १९३३ मध्ये थांबले. तोवर त्याखाली पाच लाखांहून अधिक घरे उभी राहिली होती.