पंचाहत्तर रुपयांची शपथ

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास आपल्याकडे त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. 1884 साली संस्था स्थापन झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडले आणि आजीव सदस्यांनी महिना 75 रुपयांवर 20 वर्षे शिकवण्याची शपथ घेतली. सरकारी नोकरीत याहून पुष्कळ अधिक मिळाले असते. म्हणून प्राध्यापकाला थोडक्यात ठेवले की त्याची निष्ठा वाढते, असा अर्थ या कथेतून काढला जातो. तो मला साफ चुकीचा वाटतो. त्या करारात पैसा थोडा असला तरी 20 वर्षांची निश्चिती होती, आणि संस्थेचा कारभार वर्गात शिकवणाऱ्यांच्याच हाती होता. नवा सदस्य कोणाला करायचा, पैसा कशावर खर्चायचा, हे तेच बसून ठरवत. पुढच्या पिढीसाठी झिजायला माणूस तयार होतो तो अशा ठिकाणी. धोंडो केशव कर्वे 1891 पासून 1914 पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. विधवांसाठीचा आश्रम त्यांनी 1896 साली काढला तो ही नोकरी सांभाळूनच. पायाखालची जमीन दरवर्षी सरकत असती तर एवढ्या लांबच्या कामाला हात घालणे त्यांना किती जड गेले असते!

कोणी म्हणेल, ती माणसेच वेगळी होती. होती खरी. पण त्यांच्यातही बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत यांवरून इतके वाद झाले की 1890 मध्ये खुद्द संस्थापकांपैकी एक असलेल्या टिळकांनी राजीनामा दिला. ध्येय एक असूनही कामाच्या अटींवर एकमत नसेल तर माणसे तुटतात, हे त्या संस्थेतच दिसले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: आज कायम नोकरी आणि भरघोस वेतन असलेले काही प्राध्यापकही वर्गाकडे पाठ फिरवतात, त्याचे काय? त्याचे उत्तर असे, की निश्चितीबरोबर जबाबदारीही लागते, आणि आजीव सदस्यांना ती टाळण्याची सोयच नव्हती. कॉलेज बुडाले असते तर ते त्यांचेच बुडाले असते. आज महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांकडे यातले काहीच नाही. घेतलेल्या तासांपुरते पैसे, पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही याची धास्ती, आणि विभागाच्या निर्णयांत शब्दाला किंमत नाही. पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी पदवी घेईपर्यंत आपण इथे असू की नाही, हेच ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे आगरकरांसारख्या आजीव सदस्यांचे नाव घेऊन त्याग मागणे अन्यायाचे आहे. ज्यांना ती परंपरा खरोखर पुढे न्यायची आहे, त्यांनी आधी या प्राध्यापकांना कायम करावे आणि कारभारात जागा द्यावी.